तोडण्याआधी हप्ते द्या



थकबाकीदारांची वीज सरळ तोडावी, हे मत मांडणारे पत्र वाचले. प्रामाणिक ग्राहकांवर भार पडू नये ही त्यातली चिंता रास्त आहे. उपाय मात्र वसुलीच्याच मुळावर येणारा आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार पंधरा दिवसांच्या नोटिशीनंतर पुरवठा तोडता येतो. चाकण-भोसरीतल्या जॉबवर्कवाल्याचे पैसे अनेकदा दोन-तीन महिन्यांनी हातात येतात. लेथ थांबली की बिल फेडणारी कमाईच आटते, आणि तोवर ऑर्डर दुसऱ्याच्या शेडमध्ये जाते. महावितरणच्या २०२४ च्या अभय योजनेत व्याजमाफी आणि हप्ते होते, पण ज्यांचा पुरवठा कायमचा तुटला होता त्यांच्यासाठीच! सवलतीने शिस्त बिघडते, असे वाटत असेल तर व्याज जरूर घ्या. पण हप्ते पुरवठा चालू असतानाच बांधून द्या.

— एक वाचक, वाकड