पहिल्या पाण्याचा निरोप

मे संपत आला की अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, रतनवाडी-घाटघरच्या अंगाला ओढ्यांत पाणी नावापुरतेच उरते. कातळात कोरल्या गेलेल्या डोहांत काय साचले असेल तेवढेच. दुपारी त्यात हात घातला तर कोमट लागते. डोहाच्या काठाशी बारके मासे तोंड वर करून सारखी उघडझाप करीत असतात. पोरांना वाटते, खायला मागताहेत. म्हणून ती भाकरीचे तुकडे टाकतात. माशांना मात्र भूक नसते, त्यांचा जीव घुसमटत असतो.

पाणी तापले की त्यात हवा कमी मुरते. २० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो, ३० अंशांना तो साडेसातवर येतो. एवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. पण मासा थंड रक्ताचा. पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या शरीराची प्राणवायूची मागणी साधारण दुप्पट होते. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, तीही नेमकी डोह सर्वांत लहान झालेला असताना. सह्याद्रीतले ओढ्याचे मासे दर उन्हाळ्यात या चिमट्यात सापडतात आणि पावसाची वाट पाहत तग धरतात.

मग एका रात्री घाटघरच्या कड्यावरून ढग आत घुसतात आणि पाऊस धरतो. सकाळपर्यंत ओढ्याला तांबडे पाणी आलेले असते. हे पाणी गार असते, दगडांवर आपटून त्यात हवा मिसळलेली असते, मातीचा वास असतो आणि मुख्य म्हणजे ते वाहते असते. डोहात अडकलेला मासा या पाण्याच्या उलट दिशेने निघतो. ओढ्यातून ओहोळात, ओहोळातून भातखाचरात, गुडघाभर पाण्यात, कधी तर ओल्या खडकावरून उड्या मारीत. हे चढणीचे मासे. कोकणात याच हंगामाला वलगण म्हणतात. माणसे बॅटऱ्या आणि टोपल्या घेऊन रात्रीच ओढ्यावर जातात. दुसऱ्या दिवशी घराघरांत विळीवर मासे चिरले जातात तेव्हा जवळजवळ प्रत्येक मादीच्या पोटातून पिवळसर गाबोळी निघते. बाया ती वेगळी काढून तव्यावर परततात. चवीला अप्रतिम लागते, मीही खाल्ली आहे. पण ती गाबोळी म्हणजे पुढच्या साली त्या ओढ्यात जे असायला हवे होते, ते आहे. वर्षभराच्या मासेमारीपेक्षा या चार रात्रींचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, तो यासाठी.

पाऊस माशाला नेमके काय सांगतो, हे आपल्याकडे फार स्पष्टपणे सिद्ध झाले आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, अंडी धरतात, पण वाहते नवे पाणी आल्याशिवाय ती टाकत नाहीत. बंगालमधले मत्स्यपालक म्हणून पावसाचे पाणी अडवणारे खास बांध घालीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी माशाच्याच मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून माशांना अंडी टाकायला लावले. जे काम पाऊस करीत होता ते सुईने झाले. आज आपल्या धरणांत दिसणारे कटला-रोहू हे बहुतांशी त्या सुईचे वंशज. मत्स्यबीज केंद्रातून बोटुकली येते आणि जलाशयात सोडली जाते. त्यामुळे ‘धरणात मासा चिक्कार आहे’ हे वाक्य खरे असूनही फसवे आहे. धरणातल्या माशाला पावसाची गरज उरलेली नाही. ओढ्यातल्या मळ्याला, खडशीला, मुरीला कोणी सुई टोचणार नाही. त्यांना निरोप वरूनच यायला हवा, वेळेवर यायला हवा, आणि निरोप मिळाल्यावर निघायला वाट हवी.

या तिन्ही गोष्टी आता डळमळू लागल्या आहेत.

आधी वेळ. २०२३ मध्ये मोसमी पाऊस केरळात ८ जूनला पोचला आणि मुंबईला यायला २५ जून उजाडला. २०२५ मध्ये तोच पाऊस २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत होता. दोन वर्षांच्या अंतराने मुंबईत जवळजवळ महिन्याचा फरक. मासा पंचांग बघत नाही, तेव्हा पाऊस लवकर आला तर तोही लवकर निघेल, असा युक्तिवाद करता येतो. तो अर्धाच बरोबर आहे. अंडी पोटात पिकायला ठरावीक काळ लागतो. पाणी आले आणि अंडी कच्ची असली तर चढण फुकट जाते. उलट पाऊस फार लांबला तर डोहच संपतो. त्याहून मोठा धोका पावसाच्या खंडाचा. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. रोहू-कटल्याची अंडी २७-२८ अंशांच्या पाण्यात वीस तासांच्या आत फुटतात, पण त्यातून निघालेल्या पिल्लाला पोहून मोठ्या पाण्यात परतायचे बळ यायला काही आठवडे लागतात. ओढ्याच्या माशांचीही गोष्ट फार वेगळी नाही. मधल्या काळात उघडीप पडली, खाचरातले पाणी वीतभर झाले आणि ऊन तापले, की पिल्ले तिथेच शिजतात. मेलेल्या पिल्लांचा पंचनामा होत नाही. दिसायलाच ती इतकी लहान असतात.

मग वाट. प्रवरेवर भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पुरे झाले, त्याच्या खाली आता निळवंडे आहे. मुळेचे पाणी राहुरीजवळ अडते. धरणे कुठे जाणार नाहीत आणि जावीत असे म्हणायला मी वेडा नाही. पण धरणाखालच्या नदीचे वागणे पावसावर नाही, आवर्तनावर, म्हणजे शेतीसाठी ठरवून सोडलेल्या पाण्यावर ठरते. भर उन्हाळ्यात आवर्तन सुटते, खोलवरच्या मोऱ्यांतून आलेले थंड पाणी नदीभर पसरते, आणि आठ-पंधरा दिवसांनी दरवाजे बंद होतात. नदीतल्या माशाला गारवा मिळतो, ओघ मिळतो, पण ऋतू मिळत नाही. पाण्याने खोटाच निरोप द्यावा तसे हे होते.

धरणांपेक्षाही लहान गोष्ट माशाला अधिक नडते, ती म्हणजे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पावसाळ्यानंतर त्याच्या गाळ्यांत फळ्या बसवायच्या आणि पावसाळ्याआधी काढायच्या, अशी त्याची रचना. फळ्या निघाल्या की बंधारा हा माशाला नुसता पूल असतो. फळ्या राहिल्या तर ती भिंत. ‘पावसाळ्याआधी’ म्हणजे जूनच्या आधी, हे गृहीत धरून आपले सगळे चालले आहे. पाऊस मे महिन्यातच कोसळू लागला तर पहिल्या तांबड्या पाण्यात वर निघालेला मासा फळीला येऊन थडकतो, आणि त्याच फळीखाली जाळे लावून माणूस बसलेला असतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मासा तिथे गोळा करून देण्याची व्यवस्था आपणच केली आहे.

खालच्या अंगाला, म्हणजे संगमनेर, राहुरी, नेवासे या बाजूला, पहिला पूर वेगळाच प्रश्न घेऊन येतो. अकोल्याच्या डोंगरातून पहिल्या पावसाबरोबर राबाची राख आणि शेण येते, ओढा ते पचवतो. उसाच्या पट्ट्यात आठ महिने नाल्यात साचलेले सांडपाणी, खत, फवारणीचे उरलेसुरले एकदम नदीत उतरते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते, आणि पाणी अजून पुरते गार झालेले नसते. मग पुराच्या पहिल्या दिवशी मेलेले मासे पांढऱ्या पोटाने काठाला लागतात. लोक म्हणतात, कोणी तरी विष टाकले. कधी ते खरेही असते. पुष्कळदा मात्र कोणी काहीच टाकलेले नसते, आठ महिने काढलेले नसते एवढेच.

आणि माणूस. बांबूच्या कामट्यांच्या सापळ्याला फटी असत, त्यातून बारका मासा निसटे. आता मच्छरदाणीचे कापड आडवे बांधतात, इन्व्हर्टरच्या बॅटरीचा करंट सोडतात, ब्लीचिंग पावडर टाकतात. सुरुंग आणि विष वापरून मासे मारण्यावर बंदी घालणारा कायदा १८९७ चा आहे. एवढा जुना कायदा मोडायला भीती वाटत नाही, हेही त्याच्या वयाचेच लक्षण असावे.

थंड पाण्याच्या देशांत ट्राउट नावाच्या माशाभोवती एक अख्खे शास्त्र उभे आहे. इंग्रजांनी हा मासा आणून काश्मीर आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत रुजवला. आपल्या कळसूबाईच्या ओढ्यांत तो एक उन्हाळाही काढणार नाही. पण त्याच्यासाठी केलेला एक नियम पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात नदीच्या पाण्याचे तापमान सलग तीन दिवस ७३ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २३ सेल्सिअसला पोचले, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवता येते. तापलेल्या पाण्यात गळाशी झुंजून दमलेला मासा सोडून दिला तरी मरतो, हे त्यामागचे कारण. आकडा आपल्या कामाचा नाही, पद्धत आहे. तारीख बघून नव्हे, पाणी बघून ठरवायचे. आपल्याकडे हे असे करता येईल: तांबडे पाणी आल्यापासून पहिल्या तीन-चार रात्री ओढ्याच्या पूर्ण रुंदीत जाळे लावायचे नाही, निम्मा ओढा मोकळा सोडायचा. ग्रामसभा हे ठरवू शकते. खालच्या बंधाऱ्यांच्या फळ्या मेच्या मध्यापर्यंत निघायला हव्यात. शेवटचे आवर्तन त्या हिशेबाने बसवावे लागेल, आणि तिथे शेतकऱ्याशी भांडण आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. उभ्या उसाला मेच्या शेवटी पाणी हवेच असते. २०२३ च्या हिवाळ्यात जायकवाडीला पाणी सोडण्यावरून नगर, नाशिक आणि मराठवाडा समोरासमोर आले, तेव्हा पिण्याचे, शेतीचे, कारखान्याचे पाणी मोजले गेले. नदीतल्या माशाच्या बाजूने बोलायला त्या भांडणात कोणी नव्हते.

पावसाळ्यात रोज सकाळी आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत एक चौकट येते. घाटघर इतके मिलिमीटर, रतनवाडी इतके, पांजरे इतके, भंडारदऱ्याचा साठा इतके दशलक्ष घनफूट. सगळा जिल्हा ती चौकट आधी वाचतो, नंतर बाकीची बातमी. त्यात पाण्याचे तापमान कधी नसते. शाळेच्या प्रयोगशाळेतला तापमापक, पाच हात दोरी आणि सकाळ-दुपारची ठरावीक वेळ, एवढ्यावर ते मिळू शकते. पर्जन्यमापक वाचायला माणूस तिथे रोज जातोच आहे, आणि ओढा काही फार लांब नाही.