लहान इंजिन, खरी वाफ

ग्वाल्हेरास पाहुणा आला, की जयविलास राजवाड्यातील भोजनगृह आणि तेथील चांदीची आगगाडी त्याला दाखविल्यावाचून आपले आतिथ्य पुरे होत नाही. जेवणाच्या लांबलचक मेजावर रूळ घातलेले आणि त्यांवरून काचेच्या सुरया घेऊन फिरणारी ती इवलीशी गाडी! पाहुणा हरखतो, आणि गाडी जणू आपल्याच मालकीची असावी तसे आपणही जरा ताठ होतो. गाडी सुंदर आहे यात वाद नाही. परंतु ती चालते विजेवर. तिच्या पोटात आग नाही, पाणी नाही, वाफ नाही. ज्या आगीवरून आपल्या पूर्वजांनी ‘आगगाडी’ हा शब्द घडविला, तीच तिच्यात नाही. मग शब्दाच्या काटेकोर अर्थाने तिला आगगाडी म्हणावे काय, असा प्रश्न भाषेच्या शिक्षकाला पडल्यास नवल नव्हे.

आज वाचकांशी बोलावयाचे आहे ते ज्यांच्या पोटात खरोखरीची आग असते अशा लहान इंजिनांविषयी आणि ती स्वहस्ते घडविणाऱ्या छंदिष्टांविषयी. हा छंद मूळचा इंग्लंडातला. १८९८ साली पर्सिव्हल मार्शल नामक गृहस्थाने लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्याच वर्षी तेथे अशा छंदिष्टांचे एक मंडळही स्थापन झाले. तेव्हापासून तेथील कितीतरी घरांच्या परसातल्या खोपटांत एखादा लेथ, एक शिकंजा आणि कानशींची चळत यांच्या सोबतीने माणसे संध्याकाळच्या संध्याकाळ घालवीत आली आहेत. नोकरीवरून परतावे, चहा घ्यावा आणि तासभर धातूशी झुंजावे, असा त्यांचा क्रम. एका इंजिनाला पाच, सात, कधी दहा वर्षेही लागतात. रुळांमधील अंतर साडेतीन, पाच किंवा सव्वासात इंच. बाहेरून पाहता खेळणेच. पण त्यात कोळसा जळतो, पाणी उकळते, आणि गाडी आपल्या मालकाला पाठीशी घेऊन धावते.

अशा इंजिनाचा बॉयलर समजून घेण्यासाठी मराठी माणसाला परदेशी पुस्तक उघडण्याचे कारण नाही. आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब आठवावा. मधोमध उभी नळी, तिच्यात जळणारे कोळसे वा ढलप्या, आणि नळीच्या भोवती पाणी. विस्तव पाण्याच्या बाहेरून नव्हे, तर पाण्याच्या आतून जातो, म्हणून थोड्या जळणात बरेच पाणी तापते. रेल्वे इंजिनाचा बॉयलर म्हणजे हाच बंब आडवा केलेला, एका नळीऐवजी अनेक बारीक नळ्या घातलेला आणि सर्व बाजूंनी बंद केलेला. या शेवटच्या विशेषणात सारे मर्म आहे. बंब उघडा असतो. त्यात जास्त वाफ झाली तर ती निघून जाते. बॉयलर बंद असतो. त्यातील वाफ कोंडली जाते आणि कोंडलेल्या वाफेतूनच शक्ती निर्माण होते. बाहेरच्या हवेच्या दाबाला पाण्याची वाफ झाली तर ती सुमारे सोळाशे पट जागा मागते. ही मागणी दट्ट्यावाटे पुरी झाली तर चाक फिरते. ती अडविली तर भांडे फुटते.

आता कोणी म्हणेल, मोठ्या इंजिनाची सगळी मापे सारख्या प्रमाणात लहान केली की झाले लहान इंजिन. त्यात अवघड ते काय? येथेच गणिताचा एक सुंदर धडा दडलेला आहे. समजा, शंभर टन वजनाचे इंजिन लांबी, रुंदी, उंची या तिन्हींत सोळाव्या हिश्श्याचे केले. वजन सोळा पटींनी घटेल काय? नाही. ते सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४०९६ पटींनी घटून सुमारे २४ किलोवर येईल. मात्र दट्ट्याचा पृष्ठभाग २५६ पटींनीच घटेल. याचा अर्थ, वजनाच्या मानाने लहान इंजिनाची ओढ सोळा पट वाढते! मोठ्या इंजिनाइतका दाब त्याला दिला तर ते गाडी ओढण्याऐवजी जागच्या जागी चाके गरगरा फिरवीत बसेल. म्हणून त्याचा दाब पुष्कळ कमी, साधारण दर चौरस इंचास ८० पौंडांच्या आसपास ठेवतात. एवढ्यावरही सपाट रुळांवर चांगल्या बेअरिंगांच्या गाड्या जोडल्या, तर प्रवासी बॅगेएवढे ते इंजिन चार-पाच मोठ्या माणसांना सहज ओढते. पाहणाऱ्याला हा चमत्कार वाटतो. वास्तविक हे वर्ग आणि घन यांचे साधे गणित आहे.

तथापि हेच गणित दुसऱ्या बाजूने उलटते. पाण्याचा साठा ४०९६ पटींनी आटतो, पण बाहेरील पृष्ठभाग २५६ पटींनीच. म्हणून लहान बॉयलर लवकर तापतो तसाच लवकर निवतो, आणि त्यातील पाणी पाहता पाहता संपते. मोठ्या इंजिनातील दोन इंचांच्या नळ्या सोळाव्या हिश्श्याच्या केल्या तर त्या एक अष्टमांश इंचाच्या होतील आणि राखेने क्षणात तुंबतील. कारण राखेचे कण काही सोळा पटींनी लहान होत नाहीत. तेव्हा नळ्या संख्येने थोड्या व आकाराने प्रमाणापेक्षा रुंद घ्याव्या लागतात. मनुष्य चित्र लहान करू शकतो, निसर्ग लहान करू शकत नाही. लहान इंजिन ही मोठ्याची नक्कल नसून तो एक स्वतंत्र, खरा जीव आहे, आणि त्याला स्वतःच्या नियमांनी जगावे लागते.

ही गोष्ट छंदिष्टांनाही प्रथमपासून ठाऊक नव्हती. १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘मॉडेल इंजिनिअर’च्या पानांतून यावरून मोठा वाद झडला; ‘बॉयलरांची लढाई’ या नावाने तो आजही ओळखला जातो. एका बाजूस प्रतिष्ठित मंडळी होती. अडीच इंच रुळांवरील लहान इंजिनात कोळसा नीट जळणे शक्य नाही, तेथे स्पिरिटचा दिवाच योग्य, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूस होता रेल्वेच्या इंजिनखात्यात काम केलेला एक मनुष्य. ज्या लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत त्याने नोकरी केली, तिचीच आद्याक्षरे घेऊन तो ‘एल.बी.एस.सी.’ या टोपणनावाने लिही. त्याचे म्हणणे साधे होते. खऱ्या इंजिनासारखा अनेक नळ्यांचा बॉयलर व खरी कोळशाची भट्टी लहान इंजिनालाही चालते, मात्र ती नीट बांधली पाहिजे. हे त्याने लेखातच मांडले असे नाही, तर रुळांवर सिद्ध केले. अडीच इंच रुळांवरचे त्याचे ‘आयेशा’ नावाचे इंजिन कोळशावर चालले, आणि पूर्ण वाढीच्या माणसाला ओढीत राहिले. हातच्या कांकणाला आरसा कशाला? वाद पुढेही काही काळ चालला, पण लहान इंजिनांत कोळशाची भट्टी कायमची स्थिरावली.

या मनुष्याचे खरे मोठेपण मला त्याच्या विजयापेक्षा त्यानंतरच्या कामात दिसते. पुढील सुमारे चार दशके, १९६७ मध्ये मृत्यू येईपर्यंत, त्याने एकामागून एक इंजिनांचे आराखडे सामान्य माणसाला कळतील अशा भाषेत लिहून काढले. कोणता भाग आधी करावा, पत्रा कसा वाकवावा, स्क्रू कोठे अडेल, हे सारे शेजारी उभे राहून सांगावे तसे. नवशिक्यांसाठी त्याने ‘टिच’ नावाचे चार चाकांचे, साडेतीन इंच रुळांवरचे चिमुकले इंजिन योजिले. ते आजही माणसे बांधतात. विद्या स्वतःपाशी न ठेवता ती दुसऱ्याच्या हातात उतरविणे, यालाच आपण अध्यापन म्हणतो. त्या दृष्टीने भट्टीत कोळसा टाकणारा हा मनुष्य आम्हा शिक्षकांचा जातभाईच म्हणावा लागेल.

बांधणीचे सारे टप्पे येथे सांगणे शक्य नाही. पण बॉयलरविषयी थोडे सांगतो, कारण तेथे आपली एक जुनी ओळख भेटते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर जे करीत आले तेच येथे करावे लागते. तांब्याचा पत्रा ठोकला की तो कठीण होतो. पुन्हा लाल तापवून पाण्यात बुडविला की मऊ पडतो. लोखंडाच्या अगदी उलट हा स्वभाव! असे तापवीत, विझवीत, साच्यावर ठोकीत कडा वळवायच्या, मग सगळे सांधे चांदीच्या डाखाने जोडायचे. शिशा-कथिलाचा डाख चालत नाही. उष्णतेने तो विरघळेल. बॉयलर तयार झाला की त्यात वाफ न करता प्रथम गार पाणी ठासून भरायचे आणि हातपंपाने नेहमीच्या दुप्पट दाब द्यायचा. पाणी दाबले जात नाही; म्हणून सांधा फुटलाच तर चार थेंब गळतात, स्फोट होत नाही. या परीक्षेत उतरलेल्या बॉयलरलाच विस्तव दाखवावा, असा छंदिष्टांच्या मंडळांचा कडक दंडक आहे.

मग येतो चालविण्याचा दिवस. रॉकेलात भिजविलेला लोणारी कोळसा आधी पेटवितात आणि धुराड्यावर एक छोटा पंखा बसवून आग ओढून घेतात. वाफ धरली की पंखा काढायचा, हरभऱ्याएवढे दगडी कोळशाचे तुकडे चमच्याने टाकायचे. येथून पुढे इंजिन स्वतःची आग स्वतःच फुंकते. दट्ट्याचे काम करून सुटलेली वाफ धुराड्यातून बाहेर पडताना भट्टीतील हवा ओढून नेते; गाडी जड झाली की वाफेचा फवारा जोरदार होतो, आग अधिक भडकते, वाफ अधिक होते. जितके काम, तितका दम! चालकाने मात्र एक डोळा पाण्याच्या काचनळीवर ठेवला पाहिजे. पाणी भट्टीच्या माथ्याखाली गेले की तांबे उघडे पडून जळते, आणि काही वर्षांचे श्रम काही मिनिटांत वाया जातात. चालक बसतो तो पाठीमागच्या ठेंगण्या, ब्रेक असलेल्या डब्यावर, घोड्यावर बसावे तसा दोन्हीकडे पाय टाकून. त्यामागच्या डब्यांवर मुले. काहीजण तर इंजिनाइतकेच कष्ट घेऊन दारेखिडक्यांसह हुबेहूब डबेही घडवितात.

यात स्पर्धाही होतात. १९६९ पासून इंग्लंडात सुरू झालेल्या एका स्पर्धेत वेग पाहत नाहीत. कोळसा तोलून देतात, आणि तेवढ्यात इंजिनाने किती ओढले ते मोजतात. कोळशातील शंभर भाग उष्णतेपैकी दोन-तीन भाग कामी आले तरी ती उत्तम कामगिरी गणली जाते. विनय शिकविण्यास ही आकडेवारी पुरेशी आहे.

वाचकांपैकी कोणी विचारील, हे इंग्लंडातले कौतुक आपल्याला कशासाठी? आपल्या चित्तरंजनच्या कारखान्याने १९७२ नंतर वाफेचे इंजिन बांधले नाही. ग्वाल्हेर-श्योपूर ही दोन फूट रुळांची आपली छोटी गाडीही २०२० साली थांबली. गेलेल्या गोष्टीचा सोस का धरावा? याला माझे उत्तर असे. महाराष्ट्राबाहेर येऊन पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली आपली घरे मुख्यतः लेखणीवर उभी राहिली. कारकुनी, मास्तरकी, वकिली यांनी आपल्याला अन्न दिले, मान दिला. परंतु त्याच लेखणीने हाताच्या कामाविषयी एक सूक्ष्म दुरावाही आपल्या घरांत आणला. वर्गात मुले वायूंचे नियम घडाघडा म्हणून दाखवितात. सायकलचा पंप दाबताना तळाशी गरम का होतो, असे विचारले की शांतता पसरते. नियम पाठ असतो, पंपही घरी असतो; दोघांची गाठ कोणी घालून दिलेली नसते. बॉयलरपुढे मात्र पाठांतर चालत नाही. त्याला वशिला कळत नाही, तो कृपागुण देत नाही. सांधा नीट असेल तर तो धरतो, नसेल तर गळतो. इतका निःपक्षपाती परीक्षक आमच्या कोणत्याही मंडळाजवळ नाही.

शेवटी दोन व्यावहारिक सूचना. पहिली अत्यंत गंभीर आहे. डबा, बाटली किंवा प्रेशर कुकर यांचा बॉयलर करण्याचा प्रयोग कोणीही, विशेषतः मुलांनी, कदापि करू नये. कोंडलेली वाफ थट्टा सहन करीत नाही. दुसरी सूचना अशी, की आरंभ वाफेशिवायही करता येतो. पितळेचा बोटाएवढा सिलिंडर, एक दट्ट्या आणि एक जड चाक इतके जमविले, तर सायकलच्या पंपाच्या हवेवर ते इंजिन फिरते. आपल्या गावातला कोणताही लेथवाला कारागीर ते शिकवू शकेल. त्याला ‘उस्ताद’ म्हणावे, चहा पाजावा आणि मुलाला त्याच्याजवळ चार रविवार बसवावे. पुण्यास जाणे झाले तर कोथरूडकडील भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ साली खुले झालेले लहान रेल्वेचे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. तेथील गाड्या बहुतेक विजेच्या आहेत हे खरे, पण एका माणसाचा छंद किती दूर जाऊ शकतो, हे तेथे दिसते.

मग एखाद्या संध्याकाळी आपल्या घरचे ते बोटाएवढे इंजिन पहिल्यांदा फटफट करीत फिरेल. मुलाचे हात तेलाने काळे झालेले असतील. आईने त्याला रागावू नये, एवढीच विनंती.