रॅमसाठी जास्त पैसे मोजले, पण ती पूर्ण वेगाने चालतेय का?

२०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. एआयच्या डेटा सेंटरकडून मेमरी चिपची मागणी वाढली. त्यातच डिसेंबरमध्ये मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा 'क्रुशल' ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा महागाईत जळगाव किंवा धुळ्यात पीसी असेंबल करून घेतला असेल, तर एक गोष्ट तपासायलाच हवी. बॉक्सवर ६००० लिहिलेली डीडीआर५ रॅम प्रत्यक्षात ४८०० वरच चालत असू शकते.

असं का होतं?

रॅम बसवल्यावर मदरबोर्ड आधी 'जेडेक' या संस्थेने ठरवलेला सुरक्षित वेग निवडतो. बॉक्सवरचा वेग हवा असेल, तर बायोसमध्ये प्रोफाइल चालू करावं लागतं. इंटेलचं एक्सएमपी २००७ मध्ये आलं, एएमडीचं एक्सपो २०२२ मध्ये. वेग, टायमिंग आणि व्होल्टेज यांचे तयार आकडे रॅमवरच्याच छोट्या चिपमध्ये साठवलेले असतात. प्रोफाइल म्हणजे हेच आकडे.

कसं तपासायचं?

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर क्लिक करा आणि 'स्पीड' बघा. आकडा कमी असेल, तर पीसी सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये जा. बदल केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, तेव्हा लगेच बटण दाबून पीसी बंद करू नका. इंटेलच्या एच६१० सारख्या स्वस्त बोर्डवर मात्र मेमरी ओव्हरक्लॉक होत नाही. तिथे महागडी वेगवान रॅम घेणं म्हणजे पैसे वाया.

खान्देशात उन्हाचा प्रश्न

डीडीआर५ चं मूळ व्होल्टेज १.१ असतं. प्रोफाइलमध्ये ते अनेकदा १.३५ पर्यंत जातं आणि रॅम जास्त तापते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत जातो, त्यामुळे जानेवारीत सुरळीत चाललेला पीसी तेव्हा अडखळू शकतो. अचानक निळी स्क्रीन येते किंवा फाइल खराब होतात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्याला किंवा दुकानाचे हिशेब ठेवणाऱ्याला हे परवडणारं नाही.

मग करायचं काय?

प्रोफाइल चालू केल्यावर मेमटेस्ट८६ ने तपासणी करा, उन्हाळ्यात भर दुपारी पुन्हा एकदा करा. एक जरी एरर आली, तरी वेग एक पायरी खाली आणा किंवा प्रोफाइल बंद करा. वॉरंटीच्या अटीही वाचा, कारण इंटेल आणि एएमडी दोघंही याला ओव्हरक्लॉकिंगच मानतात.

वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या पीसीवर गेम खेळताना याचा फरक चांगलाच जाणवतो. फक्त टायपिंग आणि ब्राउझिंग असेल, तर मूळ वेग पुरेसा आहे.