नेवरीचा दोष कोणता?

नाताळ जवळ आला की अलीकडे आमच्या धर्मग्रामांतून एक उपदेश हटकून कानी पडतो : नेवऱ्या आता पुरे, मैदा, साखर, तळण, सारेच अपायकारक. उपदेशकांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. शंका आहे ती त्यांच्या न्यायाविषयी. कारण नेवरीला घराबाहेर काढणारे हेच हात दुकानातला क्रीमचा केक घरात आणतात.

नेवरी प्रकृतीला हितकर आहे, असा खोटा दावा आम्ही करणार नाही. सुक्या खोबऱ्यात ६० टक्क्यांहून अधिक स्निग्धांश असतो आणि त्यातील बहुतेक संपृक्त असतो. साखरेऐवजी गूळ घातल्याने मधुमेह्याची सुटका होत नाही. परंतु मैदा, साखर व मेद केकातही आहेतच ना? दिवसभराच्या उष्मांकांपैकी १० टक्क्यांहून कमी साखरेतून यावेत, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ सालची शिफारस काय एकट्या नेवरीसाठी आहे? निदान घरच्या सारणात काय पडले आणि कढईतले तेल ताजे होते की नाही, हे करणाऱ्याला ठाऊक असते.

दुसरा आक्षेप असा, की ही तर हिंदूंची करंजी! होय, तीच. गोव्यात ती चतुर्थीला होते, महाराष्ट्रात दिवाळीला. १७३६ साली गोव्याच्या इन्क्विझिशनने ख्रिस्ती घरांतील जुन्या रीतींवर बंदी घातली, तेव्हा बिनमिठाचा भात शिजविणेही गुन्हा ठरले. १८१२ साली ते न्यायासन कायमचे बंद झाले. चुलीपर्यंत पोहोचलेला तो हुकूम इतिहासजमा झाला. नेवरी मात्र आजही ख्रिस्तजन्माच्या ताटात आहे. जे त्या न्यायासनाला साधले नाही, ते आम्ही स्वखुशीने करावयाचे काय?

आमच्या मते दोष नेवरीचा नाही, मापाचा आहे. पूर्वी ती सणापुरती होई आणि शेजारी वाटली जाई. चतुर्थीचे ताट आमच्याकडे येई, नाताळचे त्यांच्याकडे जाई. वाटण्यातच तिचे पथ्य होते. आज डबे भरतात. पण ताटे उंबरठा ओलांडत नाहीत.

आईला एकटीला हे झेपत नाही, ही तक्रार मात्र रास्त आहे. म्हणून या आगमनकाळात पुरुषांनीही पाटावर बसावे, पाऱ्या लाटाव्यात, मुरड घालावयास शिकावे. शंभराऐवजी पंचवीसच करा. घरात प्रत्येकी एक ठेवा, उरलेल्या शेजारी धाडा. तेवढ्याने प्रकृतीही राखली जाईल आणि शेजारही.