ग्रीन टी आणि पेढीवरचा चहा

अहिल्यानगरच्या आडते बाजारात, दाळमंडईत किंवा कापड बाजारात दुकान उघडून तास सरतो न सरतो तोच टपरीवरची किटली येते. पार्टी आली की चहा, उधारी वसूल झाली की चहा, आणि वसूल झाली नाही तरी चहा. आलेल्या माणसाला चहा न विचारणे हे व्यापारात अशिष्ट समजले जाते, आणि त्याच्याबरोबर आपणही अर्धा कप घेणे हे ओघानेच येते. अलीकडे मात्र अनेक गल्ल्यांच्या शेजारी गरम पाण्याचा थर्मास आणि ग्रीन टीच्या पुड्यांचा डबा दिसू लागला आहे. तो बहुधा घरून मुलाने किंवा सूनबाईंनी आग्रहाने दिलेला असतो. बैठा धंदा, पन्नाशीकडे झुकलेले वय, पुढे आलेले पोट आणि डॉक्टरांनी दिलेली समज अशी त्यामागची कारणे असतात. या फिकट हिरव्या पाण्याने वजन खरोखर उतरते काय, हे मात्र डबा आणणारा सांगत नाही आणि पिणाराही सहसा विचारत नाही.

ग्रीन टी हे काही वेगळ्या झाडाचे पान नव्हे. आसाम, दार्जिलिंग किंवा निलगिरीच्या मळ्यांतील ज्या झाडापासून नेहमीची चहापूड होते, त्याच झाडाचे ते पान असते. काळ्या चहासाठी पान चुरडून हवेत ठेवतात, त्यामुळे ते काळपट पडते आणि त्याला कडक चव येते. ग्रीन टीसाठी खुडलेले पान लगेच वाफवतात किंवा कढईत परततात. त्यामुळे पानातील कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये बरीचशी मूळ रूपात टिकतात. वजन घटवण्याच्या साऱ्या चर्चेचा आधार ही द्रव्ये आणि त्यांच्या जोडीला असलेले कॅफीन एवढाच आहे. नगरच्या घरोघरी परसात लावलेला गवती चहा किंवा तुळशीचा काढा यांचा ग्रीन टीशी काही संबंध नाही. बाजारात ‘हर्बल टी’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक पुड्यांत तर चहाचे पानच नसते.

ग्रीन टीची कीर्ती पसरवण्यात एका छोट्या प्रयोगाचा मोठा हात आहे. जिनिव्हा विद्यापीठातील संशोधकांनी १९९९ साली दहा निरोगी पुरुषांना ग्रीन टीचा अर्क देऊन चोवीस तासांत त्यांच्या शरीराने किती ऊर्जा खर्च केली ते मोजले. खर्च चार टक्क्यांनी, म्हणजे सुमारे ८० कॅलरींनी वाढला. आकडा खरा आहे. पण व्यापारी माणसाने त्याचा हिशेब मांडून पाहावा. एक ग्रॅम साखरेतून ४ कॅलरी मिळतात. म्हणजे २० ग्रॅम साखर, चहाच्या चमच्याने मोजली तर चार चमचे, एवढीच ही सारी कमाई. किटलीतल्या दोन कपांत ती परत जमा होते.

पुढे अनेक देशांत मोठे प्रयोग झाले. त्यांतील जाड व्यक्तींवर झालेले प्रयोग कोक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ साली एकत्र तपासले. जपानबाहेरच्या सहा प्रयोगांत मिळून ५३२ व्यक्ती होत्या. सुमारे तीन महिने ग्रीन टीचे पदार्थ घेणाऱ्यांचे वजन, ते न घेणाऱ्यांपेक्षा सरासरी ०.०४ किलोने अधिक घटलेले आढळले. ०.०४ किलो म्हणजे ४० ग्रॅम! किराणा दुकानाच्या तराजूवर एवढ्या फरकाला कोणी भाव देणार नाही, आणि संशोधकांनीही दिला नाही. जपानमधील आठ प्रयोगांत घट २०० ग्रॅमपासून साडेतीन किलोपर्यंत अशी विखुरलेली होती. ते प्रयोग परस्परांशी इतके न जुळणारे होते की त्यांची एक सरासरी काढता आली नाही. एकंदर निष्कर्ष असा निघाला की ग्रीन टीने झालीच तर होणारी घट फार अल्प आहे आणि आरोग्याच्या दृष्टीने तिला महत्त्व नाही.

तरीही ‘ग्रीन टी सुरू केली आणि दोन किलो उतरले’ असे सांगणारी माणसे भेटतात, आणि ती खोटे बोलत नसतात. त्यांच्या वजनाचे रहस्य पुडीत शोधण्याऐवजी पुडीमुळे जे सुटले त्यात शोधावे लागते.

पेढीवरच्या चहाच्या एका छोट्या कपात दोन चमचे साखर आणि पन्नास मिलिलिटर दूध धरले, तर साखरेच्या ४० आणि दुधाच्या ३०-३५ मिळून सुमारे ७५ कॅलरी होतात. दिवसातून असे सहा कप म्हणजे ४५० कॅलरी. बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,११० कॅलरी पुरेशा आहेत, असे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली ठरवून दिले आहे. बैठे काम करणाऱ्या स्त्रीसाठी हा आकडा १,६६० आहे. म्हणजे जेवणाचे ताट समोर येण्यापूर्वीच दिवसाच्या शिध्याचा पाचवा हिस्सा किटलीतून पोटात गेलेला असतो. त्यातील साखर ६० ग्रॅम भरते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घेतलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात प्रवरानगरला उभा राहिला आणि १९५०-५१च्या हंगामात तेथे गाळप सुरू झाले. तेव्हापासून साखर ही जिल्ह्याच्या भरभराटीची खूण ठरली आहे. चहात ती हात सैल सोडून पडते यात नवल नाही.

या सहा कपांच्या जागी बिनदुधाची, बिनसाखरेची ग्रीन टी आली तर ४५० कॅलरी सुटतात. वजन घटते ते त्यामुळे. त्या जागी साधे गरम पाणी घेतले असते तरी जवळजवळ तेवढेच घटले असते; फक्त चहाच्या वेळी हातात कप असण्याची सवय भागली नसती. ग्रीन टीचा खरा उपयोग हाच म्हणता येईल. उलट, नेहमीचा चहा चालू ठेवून जेवणानंतर ग्रीन टीची भर घातली, किंवा ती घेताना खारी, फरसाण आणि शेव सोबतीला घेतली, तर काही उतरण्याचे कारणच उरत नाही. अनेक घरांत नेमके हेच घडते.

जैन घरांना ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि तळलेले पदार्थ या सहा विगय मानल्या आहेत, आणि त्यांपैकी एक वा अधिक सोडणे हे रसपरित्यागाचे तप आहे. नेहमीच्या चहात दूध आणि साखर अशा दोन विगय असतात. साध्या ग्रीन टीत एकही नसते. उत्तराध्ययन सूत्राच्या तिसाव्या अध्ययनात बाह्य तपांमध्ये अनशनाच्या पाठोपाठ ऊणोदरी येते. आगमपरंपरेत पुरुषाचा पूर्ण आहार ३२ घासांचा आणि स्त्रीचा २८ घासांचा मानला आहे. भूक असतानाच त्याहून काही घास कमी घेणे म्हणजे ऊणोदरी. वजनाचा प्रश्न येथे मुळातूनच हाताळला जातो, आणि त्यासाठी डबा विकत आणावा लागत नाही.

महाराष्ट्रात काही वर्षांपूर्वी ‘दीक्षित की दिवेकर’ हा वाद घरोघरी रंगला होता. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकर यांच्या विचारांच्या आधारे, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनच वेळा जेवावे आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवावे, असे सांगितले. ऋजुता दिवेकर यांचा भर थोड्या थोड्या अंतराने घरचे, आपल्या मातीतले अन्न खाण्यावर होता. दीक्षितांच्या पद्धतीत दोन जेवणांच्या मध्ये पाणी आणि पातळ ताक यांच्या जोडीने बिनसाखरेचा काळा चहा किंवा ग्रीन टी चालते. अनेक मराठी घरांत ग्रीन टीने प्रवेश केला तो या वाटेने. तेथेही वजन घटवण्याचे काम ग्रीन टीकडे नाही. दिवसभरातले किरकोळ खाणे थांबवण्याकडे ते आहे. बियासण करणाऱ्या श्राविकांना या पद्धतीत नवे काही वाटले नाही. बियासणात उकळलेले पाणी आणि सूर्यास्ताची मर्यादा असते, दीक्षितांच्या पद्धतीत ती नाही, एवढाच त्यांना दिसलेला फरक. मात्र हेतूचा फरक मोठा आहे. तप हे कर्मनिर्जरेसाठी असते, वजनकाट्यासाठी नव्हे. वजनासाठी केलेले बियासण हे फार तर पथ्य ठरेल. शिवाय पच्चक्खाण पाळून दोन वेळच्या ताटांत मात्र तळण आणि मिठाईची रेलचेल केली, तर ते पथ्यही उरत नाही.

वजनकाट्यावर सर्वस्वी विसंबणेही योग्य नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा बीएमआय दोघांचाही २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ भारतीयाच्या पोटातही चरबी दडलेली असू शकते, हे त्या एका चित्राने जगाला पटवून दिले. म्हणून गादीवर बसणाऱ्याने काट्यासोबत शिंप्याची टेपही जवळ ठेवावी. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. भुईकोट किल्ल्याभोवती सकाळी चालणाऱ्यांना त्या टेपेवर जो फरक दिसतो, तो केवळ ग्रीन टीच्या डब्यावर भरवसा ठेवणाऱ्यांना दिसत नाही.

ग्रीन टी घ्यायचीच असेल तर काही गोष्टी जपाव्या लागतात. मध घातलेल्या तयार पुड्या सर्रास मिळतात, आणि मध ही महाविगय असल्याने जैन घरात ती वर्ज्य आहे. पुडीवरील घटकांची यादी वाचूनच खरेदी करावी. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूलचे आवरण अनेकदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले असते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली असा इशाराही दिला की, ग्रीन टीतील मुख्य कॅटेचिन दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक प्रमाणात पूरक गोळ्यांतून घेतले तर यकृताला इजा होण्याची चिन्हे दिसतात. पाण्यात भिजवून केलेल्या दोन-तीन कपांना ही भीती सहसा नाही. ती आहे कॅप्सूलच्या बाटलीत.

घरातील स्त्रियांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. चहा हिरवा असो वा काळा, त्यातील तुरट द्रव्ये धान्य, कडधान्ये आणि पालेभाज्यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा आणतात. शाकाहारी घरात सारे लोह याच मार्गाने येते. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले आहे. अशा वेळी वजनाच्या नादात प्रत्येक जेवणावर ग्रीन टी पिणाऱ्या लेकी-सुनांचे हिमोग्लोबिन आणखी खालावू शकते. जेवण आणि चहा यांत निदान एक तासाचे अंतर ठेवावे, आणि लोहाची गोळी चहासोबत कधीही घेऊ नये. रक्त पातळ करण्याचे वा रक्तदाबाचे औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी. चौविहार पाळणाऱ्यांना रात्रीच्या जेवणानंतरची ग्रीन टी मुळातच निषिद्ध आहे, आणि तिविहारातही फक्त पाण्याचीच मोकळीक असते. कॅफीनने झोप उडते हे पाहता ही बंधने प्रकृतीलाही मानवणारी आहेत.

पर्युषणात अठाई धरणाऱ्यांना पहिल्या-दुसऱ्या दिवशी डोके फुटल्यासारखे दुखते, आणि घरचे म्हणतात की उपवास सोसत नाही. बहुतेकदा त्याचे कारण भूक नसून अचानक तुटलेले कॅफीन असते. ही डोकेदुखी ग्रीन टी पिणाऱ्यांनाही होते, कारण कॅफीन तिच्यातही आहे. पर्युषणाच्या दहा-बारा दिवस आधीपासून रोजचे कप एकेक करून कमी करावेत, शेवटचे दोन दिवस एकच अर्धा कप ठेवावा आणि मग पच्चक्खाण घ्यावे. अठाईचे पारणे झाल्यावर किटलीतला पहिला कप कधी घ्यायचा, आणि घ्यायचा की नाही, याचा विचार त्या आठ दिवसांत निवांतपणे करता येतो.