धावणाऱ्याच्या पावलाची परीक्षा



आपल्या समाजातील कित्येक मुलेमुली आज लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरतात. चाळिशी ओलांडलेली मंडळीही पहाटे उठून पळावयास जातात. ही गोष्ट आनंदाची खरीच. परंतु यांपैकी पुष्कळांचे धावणे थोड्याच काळात बंद पडते, आणि त्याचे कारण नेहमीच आळस नसते. गुडघा, नडगी किंवा टाच दुखावते आणि उत्साह असूनही माणूस घरी बसतो. म्हणून धावण्याच्या ढबीचे शास्त्रीय परीक्षण करून घेण्यात काय लाभ आहे, याचा विचार या लेखात करू.

या शास्त्राचा विकास ज्या थोड्या ठिकाणी झाला, त्यांत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज या गावाचे स्थान मोठे आहे. नावावरून ते एखादे महाविद्यालय असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते निटनी डोंगराजवळच्या खोऱ्यात, पेन स्टेट विद्यापीठाभोवती वाढलेले गाव आहे. तेथे १९६७ साली रिचर्ड नेल्सन यांनी बायोमेकॅनिक्सची, म्हणजे शरीराच्या हालचालींमागील यंत्रशास्त्राची, प्रयोगशाळा उभी केली. या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्थाही १९७३ साली त्याच विद्यापीठात भरलेल्या परिषदेत स्थापन झाली. पुढे पीटर कॅव्हाना या संशोधकाने तेथे धावपटूंच्या पावलांचा बारकाईने अभ्यास केला.

कॅव्हाना आणि मारिओ लाफोर्च्यून यांनी १९८० साली १७ धावपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. जमिनीत बसविलेल्या बलमापक फळीवरून त्यांना धावावयास लावले. तेव्हा असे आढळले की, वेगाने धावताना जमिनीचा शरीरावर येणारा उभा दाब शरीराच्या वजनाच्या सुमारे पावणेतीनपट होतो. आता हिशेब करून पाहा. मॅरेथॉन शर्यत ४२.१९५ किलोमीटरची. एक पाऊल सव्वा मीटरचे धरले, तर साधारण ३४ हजार पावले होतात. म्हणजे प्रत्येक पायाच्या वाट्याला सुमारे १७ हजार आघात. पाऊल किंचित वाकडे पडत असेल, तर तो दोष एका पावलात जाणवत नाही. सतरा हजार वेळा घडल्यावर मात्र तो दुखणे होऊन उभा राहतो. धावणाऱ्याला स्वतःचे पाऊल दिसत नाही आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यांना त्याची गती पकडता येत नाही. यासाठीच कॅमेरा आणि मापनयंत्रे यांची गरज आहे.

यावरून कोणी असे समजू नये की, शास्त्राने धावण्याची एकच आदर्श ढब ठरवून दिली आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची आठवण आपल्या मराठी मनाला खाशाबा जाधवांच्या कांस्यपदकामुळे विशेष आहे. त्याच ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकने पाच हजार मीटर, दहा हजार मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यतींत सुवर्णपदके मिळविली. त्याचे धावणे पाहावे तर मान डोलते आहे, चेहरा वेदनेने पिळवटला आहे! केवळ डौल पाहून गुण दिले असते, तर तो पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

स्टेट कॉलेजच्या संशोधनानेही याच दिशेची साक्ष दिली आहे. कॅव्हाना आणि कीथ विल्यम्स यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दहा धावपटूंना एकाच वेगाने, परंतु निरनिराळ्या लांबीच्या ढांगा टाकावयास सांगून त्यांना लागणारा प्राणवायू मोजला. प्रत्येकाने आपल्या मर्जीने निवडलेली ढांग बहुधा सर्वांत काटकसरीच्या ढांगेच्या अगदी जवळ होती. ती फार आखूड केली तरी श्रम वाढले, आणि फार लांब केली तर त्याहूनही अधिक वाढले. सारांश, सरावाने शरीर आपला मार्ग बहुतांशी आपणच शोधते.

मग परीक्षणाचा उपयोग काय? ज्यांच्या शरीराला तो मार्ग सापडलेला नाही, त्यांना ओळखणे हा त्याचा खरा उपयोग. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात ४५ धावपटूंपैकी ९ जणांची ढांग काटकसरीची नसल्याचे आढळले; त्यांतील काहींना तीन आठवडे शिकवणी दिल्यावर त्यांचे धावणे कमी श्रमाचे झाले. तसेच २०११ साली विस्कॉन्सिन येथील संशोधकांनी दाखवून दिले की, वेग तोच ठेवून मिनिटाला पडणाऱ्या पावलांची संख्या शेकडा पाच ते दहाने वाढविली, तर गुडघ्यावरील भार कमी होतो. पाऊल शरीराच्या फार पुढे टाकण्याची सवय असलेल्यांना हा उपाय विशेष विचारात घेण्यासारखा आहे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. शेजाऱ्याचे पाहून किंवा मित्राच्या सांगण्यावरून आपली ढब एकाएकी बदलू नये. टाचेवर उतरणारा माणूस उद्यापासून चवड्यावर धावू लागला, तर गुडघ्याचा भार हलका होईल, पण तोच पोटरीवर आणि टाचेमागील कंडरेवर जाऊन बसेल. भार नाहीसा होत नाही, तो जागा बदलतो. ज्याला काही दुखत नाही आणि ज्याची प्रगती चालू आहे, त्या मुलाच्या धावण्यात आईवडिलांनी अगर शिक्षकांनी उगीच हात घालू नये.

परंतु तेच दुखणे पुन्हा पुन्हा उद्भवत असेल, तर केवळ विश्रांती पुरेशी नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्याने बाजूने आणि पाठीमागून संथगती चित्रण करावे. एकदा ताजेतवाने असताना आणि एकदा थकल्यावर, कारण दोष पुष्कळदा थकव्यातच उघडा पडतो. ते चित्रण जाणत्या फिजिओथेरपिस्टला दाखवावे, एका वेळी एकच बदल करावा आणि शरीराला काही आठवडे द्यावेत.

जे धावत नाहीत, त्यांच्याही उपयोगाची एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करतो. धावपटूंच्या तळव्यावरील दाब मोजणाऱ्या कॅव्हाना यांनी पुढे त्याच विद्येचा उपयोग मधुमेही रुग्णांच्या पायांसाठी केला. ज्या पायाची संवेदना गेली आहे, त्याला दाब कोठे अधिक पडतो हे कळत नाही, आणि तेथेच जखम होते. मधुमेह आपल्या घरोघरी आहे. तेव्हा नातवाच्या धावण्याचे चित्रण पाहता पाहता आजोबांचे तळवेही एकदा नीट न्याहाळावेत, ही विनंती.