तुम्ही याल तेव्हा गाव फडात असेल

फेब्रुवारी 2027 मध्ये आमच्या दारात उभे राहणाऱ्या प्रगणक गुरुजींना,



दाराला कुलूप असेल. शेजारच्याही दाराला. ओट्यावरची एखादी म्हातारी सांगेल, ‘कारखान्याला गेलेत.’ कोणत्या, ते तिला सांगता येणार नाही. टोळी यंदा कुठं पडली ते मजूर नेणाऱ्या मुकादमाला ठाऊक. तुम्ही मोबाइलवर नोंद कराल आणि पुढं व्हाल. दोष तुमचा नाही, पण जिव्हारी लागतं ते लागतंच.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव. दसरा-दिवाळी झाली की कर्ती माणसं ट्रॅक्टर, टायरगाड्यांत संसार भरून ऊसतोडीला सांगली, कोल्हापूर, कर्नाटकाच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फेडायची दोघांनी, मुकादमाच्या वहीत नाव बहुतेक वेळा नवऱ्याचं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फडाजवळची कोपी, म्हणजे झोपडी, हेच घर. 2011 ची शिरगणती 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, ऐन हंगामात. कोपीवर मोजला गेला तो आमच्या गावातून वजा झाला. तिथंही सुटला तो कुठलाच उरला नाही. आणि ग्रामपंचायतीचा निधी, सदस्यांची संख्या, राखीव जागा, सगळं त्याच आकड्यावर.

आता 1931 नंतर प्रथमच जनगणनेत सगळ्यांची जात विचारणार. विचाराच. पण फेब्रुवारीत गावात राहतं कोण? ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो, नोकरदार, दुकानदार, थकलेली माणसं आणि आजीजवळ ठेवलेली शाळकरी पोरं. फडात गेलेल्यांत वंजारी आहेत, मराठे आहेत, बौद्ध, मातंग आहेत. लमाण तांडा तर जवळजवळ अख्खा उठतो. तुम्ही जातवार मोजाल ते पाणीवाल्यांचं गाव. लमाणाचं तर आणखीच त्रांगडं. महाराष्ट्रात तो विमुक्त जातीत, बेळगावकडं अनुसूचित जातीत. तिकडच्या कोपीत मोजलात, तर त्याला कोणत्या रकान्यात बसवणार?

2011 च्याच गणतीत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागं 807 मुली निघाल्या. देशभर आमची नाचक्की झाली. झाली ती योग्यच झाली, आम्ही मान खाली घातली. पण बदनामी पदरात घालताना ज्या सरकारला आमचा पत्ता बरोबर सापडला, त्याला पोटासाठी बाहेर पडलेल्यांचं गाव का सापडू नये?

सगळ्यात सलतं ते वेगळंच. लडाखात, हिमाचल-उत्तराखंडाच्या बर्फाळ भागात फेब्रुवारीत पोचता येत नाही, म्हणून तिथं 1 ऑक्टोबर 2026 ही तारीख धरली. बाकी देशाला 1 मार्च 2027. म्हणजे तारीख हलवता येते. बर्फासाठी हलली, उसासाठी हलवावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. आमचे पुढारी मोर्चे काढतात, पण या तारखेवर त्यांची भाषणं मी तरी ऐकली नाहीत.

गुरुजी, तारीख तुमच्या हातात नाही. पण कारखान्याच्या बाजूला मोजणीला जाणारे तुमचेच भाऊबंद आहेत, त्यांना निरोप द्या. माणसं पहाटेच उठून फडात जातात. दिवसा कोपीवर लहानगी तेवढी सापडतील. गाडी खाली करून परततात तेव्हा, रात्री जा. नवऱ्याचं नाव लिहून उठू नका, चुलीपाशी बसलेल्या बाईचंही विचारा. आणि मूळ गाव कोणतं, ते दोघांनाही विचारा.

आपला,
फडातून सुटलेला, आता नातवंडं राखणारा एक गावकरी